ऑइल गळत नाही, धूर नाही, तरी दीड हजार किलोमीटरला लिटर जातं: जुन्या पिकअपमध्ये शोध कुठून सुरू करायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २०१३ मॉडेलची अडीच लिटर टर्बो डिझेल पिकअप, २ लाख ४० हजार किलोमीटर चाललेली. नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून आळेफाटा, माळशेज घाट, कल्याण करत वाशी मार्केट आणि परत. दर दीड हजार किलोमीटरला लिटरभर इंजिन ऑइल वरून टाकावं लागतं. गाडी उभी असते तिथे डाग नाही, सायलेन्सरमधून निळा धूर नाही, रेडिएटरचं पाणी कमी होत नाही, घाटात ओढही बरी आहे. एक मिस्त्री म्हणतो रिंग-पिस्टन गेलेत, हाफ इंजिन करून टाका (म्हणजे इंजिन उघडून रिंग, पिस्टन, लायनर बदला). दुसरा म्हणतो टर्बो बदला. दोन्हीकडे खर्च मोठा, तर ऐकायचं कोणाचं?

दोघांपैकी एकाचं खरं निघूही शकतं, पण आज ते कोणालाच माहीत नाही. दोघांनी गाडी बघितली, ऐकली. मोजलं कोणीच नाही. ऑइल कमी होण्याच्या तक्रारीत इंजिन उघडणं हे शेवटचं काम. त्याच्या आधी करायच्या बहुतेक तपासण्या किरकोळ सामानात होतात, आणि निम्म्याहून जास्त तर तुम्ही स्वतः घरी करू शकता.

सुरुवात तुमच्याच आकड्यांपासून करू. दीड हजार किलोमीटरला १ लिटर म्हणजे किलोमीटरला पाऊण मिलीहूनही कमी. गाडी लिटरला १२ देते असं धरलं, तर त्याच एका किलोमीटरमध्ये डिझेल जळतं ८० मिलीच्या वर. म्हणजे डिझेलच्या शंभर भागांना ऑइलचा एक भागसुद्धा नाही. एवढं ऑइल गरम इंजिनात जळून गेलं तर चालत्या गाडीच्या मागे, भर उन्हात ते दिसणारच नाही. तेव्हा धूर नाही म्हणून ऑइल जळत नाही, असं म्हणता येत नाही.

आता गळतीचं बघा. सरासरी ताशी ४० धरली तर १५०० किलोमीटरला साडेसदतीस तास लागतात. एका मिलीत ऑइलचे अंदाजे २५ थेंब बसतात. हिशेब केला तर साधारण साडेपाच सेकंदांना एक थेंब पडला की तुमचं लिटर संपलं. बरं, हा थेंब इंजिन चालू असताना, ऑइलला प्रेशर असतानाच पडतो. गाडी बंद केली की प्रेशर उतरतं आणि थेंब थांबतो. जे पडायचं ते आळेफाटा ते मुरबाड रस्त्यावर पडून गेलेलं असतं, अंगणातली फरशी स्वच्छच राहते.

म्हणून आधी नीट मोजमाप. सकाळी, इंजिन थंड, गाडी रात्रभर एकाच सपाट जागेवर उभी आणि रिकामी. भरलेल्या पिकअपची मागची बाजू दबते, इंजिन तिरकं होतं आणि गेजच्या काठीवरची लेव्हल बदलते. हे बरेच ड्रायव्हर लक्षातच घेत नाहीत. काठी पुसायची, पूर्ण आत बसवायची, मग काढून वाचायची. वरच्या खुणेपर्यंत ऑइल बरोबर भरून घ्या आणि तिथून पुढे अंदाजाने ओतणं बंद. औषधाचं मापटं किंवा खुणा केलेली बाटली घ्या, प्रत्येक वेळी किती मिली टाकलं आणि मीटर किती होता ते वहीत लिहा. शेजारी एवढंच लिहा की माल होता की रिकामी, घाट होता की सपाट रस्ता, मार्केटमध्ये इंजिन किती वेळ नुसतं चालू होतं. या शेरेवजा नोंदींचा पुढे फार उपयोग होतो. भरलेल्या चढावरच ऑइल जात असेल तर बोट रिंग आणि ब्रीदरकडे (इंजिनाच्या पोटातला गॅस बाहेर सोडणारी नळी) जातं. रांगेत तासन्तास आयडलिंग झाल्यावर जात असेल तर टर्बोकडे.

मोजताना आधी खोटी घट वेगळी काढा. ऑइल बदलल्यावर फिल्टर रिकामा असतो. पहिल्यांदा इंजिन चालू झालं की तो भरतो आणि चेंबरमधली (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भागातली) लेव्हल तेवढी खाली येते. हे भरून न घेता गाडी सोडली तर पहिल्याच दिवशी अर्धा लिटर "खाल्ल्या"सारखं वाटतं. दुसरं, काठी तुमच्याच इंजिनाची आहे का? जुन्या गाड्यांत मूळ काठी मोडलेली असते आणि भंगार बाजारातली दुसरी घातलेली असते. ती थोडी आखूड असेल तर तुम्ही दरवेळी गरजेपेक्षा जास्त ऑइल भरताय. जास्त भरलं की क्रँक (पिस्टनने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) त्यात आपटतो, ऑइलला फेस येतो आणि जादा ऑइल ब्रीदरवाटे बाहेर फेकलं जातं. लेव्हल पुन्हा खाली, तुम्ही पुन्हा भरता. पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी मॅन्युअलमध्ये लिहिलं तेवढंच ऑइल मापाने घाला, इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा, थोड्या वेळाने काठी बघा. लेव्हल वरच्या खुणेवर आली नाही तर तिथे फाइलने नवी खूण करून टाका.

हे झाल्यावर बाहेरची गळती. पिकअपचं इंजिन खालून बघितलं की सगळंच काळं, चिखल आणि ऑइलचा थर चढलेला. त्यात ताजी गळती ओळखता येत नाही. थंड इंजिनावर डिझेल आणि ब्रशने धुवा, अल्टरनेटर आणि वायरिंगच्या जोडांवर प्लास्टिक बांधा, हवेने कोरडं करा. मग संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरवा. गाडी भरून तीस-चाळीस किलोमीटर चालवा, त्यात एखादा चढ असू द्या, आणि लगेच टॉर्च घेऊन खाली झोपा. ऑइल खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे जातं. त्यामुळे सगळ्यात जास्त ओलं कुठे आहे हे बघू नका; सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला बिंदू शोधा. अल्ट्राव्हायोलेट डाय ऑइलमध्ये टाकून निळ्या टॉर्चने बघण्याची पद्धत याहून चांगली, काळ्याकुट्ट डिझेल ऑइलमध्येही ती चालते, फक्त डाय थोडा सढळ हाताने घालावा लागतो.

जागा कोणत्या ते अनुभवाच्या क्रमाने सांगतो. टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या अगदी वरच्या झाकणाचं) पॅकिंग, त्यातही मागचा कोपरा, जिथे हात आणि नजर दोन्ही पोचत नाहीत. तिथून निघालेलं ऑइल हेडच्या मागून उतरत बेल हाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं क्लचचं घर) येतं आणि क्रँकचं मागचं सील गेल्यासारखं हुबेहूब दिसतं. कितीतरी गाड्यांचे गिअरबॉक्स याच गैरसमजातून खाली उतरवले जातात. नवीन सील बसतं, गळती तशीच राहते. म्हणून बेल हाउसिंग ओलं दिसलं की आधी हेडच्या मागे आरसा धरून बघायचं, आणि बेल हाउसिंगच्या खालच्या भोकातून तारेला कापूस गुंडाळून आतलं ऑइल काढून हुंगायचं. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, इंजिन ऑइलला नसतो. आतून इंजिन ऑइलच आलं आणि हेडची मागची बाजू कोरडी असेल, तर मग सील.

ऑइल प्रेशर स्विच ही दुसरी फसवी जागा. हा अंगठ्याएवढा पार्ट थेट प्रेशर लाइनवर बसलेला असतो. आतला पडदा फाटला की ऑइल प्लास्टिकच्या कनेक्टरमधून झिरपतं, तेही इंजिन चालू असतानाच. कनेक्टर काढा आणि आतल्या पिनवर ऑइल आहे का बघा. असेल तर स्विच बदला, दहा मिनिटांचं काम आहे. मग टर्बोच्या ऑइल पाइपांचे जोड, क्रँक पुलीच्या मागचं पुढचं सील, ऑइल कूलरचं पॅकिंग, चेंबरच्या बोल्टचं वाशर.

आणि व्हॅक्यूम पंप. यावर जरा थांबतो, कारण यामुळे एक नाही तर दोन वेगळे घोटाळे होतात. या वर्गातल्या बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेक बूस्टरसाठी (ब्रेकला जोर देणारा डबा) लागणारा व्हॅक्यूम तयार करणारा पंप अल्टरनेटरच्या पाठीला बसवलेला असतो. त्याला इंजिनातून बारीक पाइपने ऑइल येतं आणि जाड पाइपने चेंबरमध्ये परत जातं. अल्टरनेटर आणि पंप यांच्यामधलं सील झिजलं की ऑइल अल्टरनेटरच्या पोटात शिरतं. तिथे ते ब्रशच्या कार्बनमध्ये मिसळून काळा लगदा होतो, पंख्याच्या हवेने बाहेर उडतो आणि जमिनीवर थेंब म्हणून कधी पडतच नाही. अल्टरनेटरच्या जाळीत बोट घालून बघा, इंजिन बंद असताना अर्थातच. बोटाला चिकट काळं लागलं आणि अधूनमधून चार्जिंगचा दिवा मंद लागत असेल, तर तुमचं निम्मं उत्तर तिथेच आहे. बूस्टरकडे जाणारा होजही काढून बघा, तो आतून कोरडा हवा. ओला असेल तर वाटेतला एकतर्फी व्हॉल्व्ह गेलाय आणि ऑइल ब्रेकच्या बूस्टरकडे चाललंय. ते लगेच दुरुस्त करा, तिथे प्रश्न ऑइलचा राहत नाही, ब्रेकचा होतो.

दुसरा घोटाळा फारच कमी लोक तपासतात. पंप जी हवा ओढतो ती तो ऑइलबरोबर चेंबरमध्येच सोडतो. होज तडकलेला असेल किंवा बूस्टरचा पडदा फाटलेला असेल तर पंप सतत बाहेरची हवा ओढून इंजिनाच्या पोटात भरत राहतो. चेंबरमध्ये प्रेशर वाढतं, ब्रीदरमधून भकाभका वाफ येते, आणि ते बघून मिस्त्री म्हणतो रिंग गेल्या. गाडी उभी असताना, हँडब्रेक लावून, चाकांना दगड लावून, पंपाकडचा होज काढा आणि पंपाचं तोंड रबरी टोपणाने बंद करा. ब्रीदरचा जोर लगेच कमी झाला तर रिंगांची बदनामी झाली होती, एवढंच. ही तपासणी उभ्या गाडीवरच करायची. टोपण लावून गाडी एक फूटही हलवायची नाही, कारण त्या वेळी ब्रेकला बूस्टर नसतो.

आता ब्रीदरकडे येऊ. तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून माझा पहिला संशय इथेच आहे. कोणत्याही डिझेल इंजिनात थोडा गॅस रिंगांना चुकवून खाली चेंबरमध्ये येतो. तो बाहेर जायला ब्रीदरचा होज असतो, आणि तो टॅपेट कव्हरवरून निघून टर्बोच्या आधीच्या हवेच्या पाइपात जोडलेला असतो. या गॅसबरोबर ऑइलची वाफ येते. वाटेतली जाळी ते ऑइल अडवून परत पाठवते. जाळी चिखलाने भरली की दोन गोष्टी होतात. मार्ग अर्धवट बंद झाला तर ऑइल अडत नाही, सरळ इंजिनाच्या श्वासात ओढलं जातं आणि जळून जातं. पूर्ण बंद झाला तर आत प्रेशर साचतं आणि जिथे जागा मिळेल तिथून, बहुधा क्रँकच्या सीलमधून, ऑइल बाहेर ढकलतं. म्हणून सील वारंवार जात असेल तर सीलवाल्याला दोष देण्याआधी ब्रीदर काढून डिझेलमध्ये भिजवा.

एअर फिल्टर याच गोष्टीचा भाग आहे. फिल्टर तुंबला की टर्बो जोराने ओढतो, पण हवा मिळत नाही, पाइपात ओढ निर्माण होते आणि ती ब्रीदरमधलं ऑइल खेचते. ऊसतोडणीच्या हंगामात शेतापर्यंत जाणाऱ्या, मुरूमाच्या रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांचा फिल्टर किलोमीटरवर न बदलता डोळ्यांनी बघून बदलावा. नवा टाकताना डब्याच्या आत, स्वच्छ बाजूला बोट फिरवा. तिथे बारीक माती लागली तर फिल्टरची रबर बसत नाहीये. ती माती आत जाऊन लायनर (सिलिंडरची आतली भिंत) घासतेय, आणि तसं असेल तर मग रिंगांचा विषयही गंभीरपणे घ्यावा लागेल.

ऑइलचं झाकण उघडून, उलटं ठेवून ते उडतं का बघण्याचा प्रकार सगळीकडे चालतो. वाईट नाही, पण डिझेल इंजिनात निरोगी असतानाही झाकण थोडं नाचतं. त्यावरून हाफ इंजिनचा निर्णय घेऊ नये. त्यापेक्षा गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप आणा. एक टोक गेजच्या नळीवर घट्ट बसवा, पाइपाचा लांब यू आकार खाली सोडा, त्यात अर्ध्यापर्यंत पाणी भरा, दुसरं टोक मोकळं. यू इंजिनापेक्षा चांगला फूटभर खाली असू द्या, म्हणजे उलटी ओढ लागली तरी पाणी आत जाणार नाही. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक म्हणजे चेंबरमधलं प्रेशर. आयडलवर वाचा, रेस देऊन वाचा. मग एअर फिल्टर काढून वाचा, व्हॅक्यूम पंप बंद करून वाचा, ब्रीदर साफ करून वाचा. चालेल तो आकडा प्रत्येक इंजिनाचा वेगळा, तो कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बघावा. पण एक गोष्ट बदलल्यावर पाणी किती हललं, यातून दोषी कोण ते कळतं.

टर्बो की ब्रीदर, हा तुमच्या दुसऱ्या मिस्त्रीचा प्रश्न मात्र एका रिकाम्या डब्याने सुटतो. टर्बोचा पाइप काढला आणि आत ऑइल दिसलं की टर्बो गेला असं सांगितलं जातं. पण ब्रीदर त्याच पाइपात ओततो, त्यामुळे टर्बो ठणठणीत असला तरी तिथे ओलसरपणा असतोच. ब्रीदरचा होज हवेच्या पाइपातून काढा. पाइपाचं ते भोक रबरी बूच आणि क्लिपने पक्कं बंद करा; उघडं राहिलं तर विनाफिल्टर धूळ थेट इंजिनात. होजचं टोक एका रिकाम्या डब्यात सोडा, डब्याच्या झाकणाला मोठी भोकं ठेवा, तो कधीही हवाबंद नसावा, आणि सायलेन्सरपासून लांब बांधा. टर्बोच्या पुढचे-मागचे पाइप आणि इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) आतून पुसून कोरडे करा. आता वाशीच्या दोन-तीन फेऱ्या मारा, नेहमीसारख्या, मालासकट.

परत आल्यावर डबा मोजा आणि पाइप उघडा. डब्यात भरपूर ऑइल आणि पाइप कोरडे, तर टर्बो निर्दोष. डबा जवळपास रिकामा आणि टर्बोनंतरचा पाइप पुन्हा ओला, तर टर्बोचं सील. दोन्ही कोरडे, आणि लेव्हल तरी उतरली, तर रिंग, व्हॉल्व्ह, टर्बोची सायलेन्सरकडची बाजू किंवा बाहेरची गळती. ब्रीदरमधून गेलेलं ऑइल तुमच्या वहीतल्या घटीच्या किती आहे तेही बघा. निम्मं तिथे आणि निम्मं दुसरीकडे असंही निघतं.

टर्बोवरच बोट आलं तरी लगेच नवा घेऊ नका. टर्बोचं सील रबरी नसतं, बारीक रिंगेसारखं असतं, आणि ते दोन्हीकडच्या प्रेशरच्या तोलावर काम करतं. टर्बोतून ऑइल परत नेणारा पाइप कार्बनने अरुंद झाला असेल किंवा चेंबरमध्ये प्रेशर असेल तर ऑइल खाली उतरू शकत नाही, आणि नवा टर्बोही गळेल. तो परतीचा पाइप आधी काढून आरपार बघा. शाफ्ट बोटांनी हलवा: आडवा किंचित हलला तर चालतं, बुशला फट लागतेच. पण आत-बाहेर हालचाल जाणवली किंवा पंख्याची पाती डब्याला घासल्याच्या खुणा दिसल्या तर तो टर्बो काढलाच पाहिजे, आणि तोवर गाडी चालवू नका.

का चालवू नका तेही सांगतो. टर्बोने मोठ्या प्रमाणात ऑइल सोडलं, किंवा इंटरकूलरमध्ये साचलेलं ऑइल एकदम ओढलं गेलं, तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच पळायला लागतं. चावी काढली तरी बंद होत नाही, कारण त्याला डिझेलची गरजच उरलेली नसते. गाडीत असाल तर वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. गॅरेजमध्ये झालं तर हवेच्या तोंडावर जाड फळी दाबतात. हात किंवा फडका कधीही नाही, दोन्ही आत ओढले जातात. जमलं नाही तर लांब व्हा. इंजिन गेलं तर गेलं.

पाणी आणि डिझेल या दोन वाटा पटकन उरकतो. ऑइल कूलर फुटला तर चालू इंजिनात ऑइलचं प्रेशर पाण्यापेक्षा जास्त असल्याने ऑइल पाण्यात जातं. थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडा. आत तपकिरी साय किंवा बोटाला तेलकट लागलं तर समजा. तुमचं पाणी स्वच्छ असावं, तरी बघा. डिझेलचं उलट आहे: गळकं नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं) किंवा डिझेल पंपाचं सील यातून डिझेल चेंबरमध्ये येत असेल तर ते लेव्हल वर ठेवतं आणि ऑइलची खरी घट लपते. काठी हुंगा. डिझेलचा वास आणि पाण्यासारखं पातळ ऑइल असेल तर सगळं मोजमाप बाजूला ठेवून आधी ते थांबवा, बेअरिंग जातील.

आता रिंग. तुमच्या पहिल्या मिस्त्रीचं म्हणणं मी उडवून लावत नाही, २ लाख ४० हजारांना रिंग झिजू शकतात. पण इथे दोन्ही बाजूंनी चूक होते. कॉम्प्रेशन चांगलं आलं की "रिंग ओके" म्हणून सोडून देतात. कॉम्प्रेशन धरतात त्या वरच्या रिंगा. लायनरवरचं ऑइल खरवडून खाली आणते ती सगळ्यात खालची ऑइल रिंग, आणि तिची भोकं कार्बनने बुजून ती खाचेत अडकली, तर गाडी सकाळी अर्ध्या सेल्फला सुरू होते, घाट ओढते, कॉम्प्रेशन पूर्ण देते आणि तरीही ऑइल पीत राहते. तुमची लक्षणं याच्याशीही जुळतात. हलकं किंवा सुटं ऑइल आणि लांबवलेले ऑइल बदल हे त्याचं नेहमीचं कारण.

कॉम्प्रेशन घ्यायचंच तर डिझेलचा गेज हवा, पेट्रोलचा फुटेल. चांगल्या इंजिनात साधारण २५ ते ३० बार मिळतात, पण चारही सिलिंडरमधला फरक तीन-चार बारच्या आत आहे का याला मी जास्त किंमत देतो. त्याहून उपयोगी लीक टेस्ट: एकेका सिलिंडरचा पिस्टन वर आणून नोझलच्या भोकातून हवा सोडायची आणि कान लावायचा. ऑइलच्या झाकणातून सूं ऐकू आलं तर रिंग, सायलेन्सरमधून आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवेच्या पाइपातून आलं तर इनलेट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड पॅकिंग.

व्हॉल्व्हच्या सीलबद्दल बरंच काही सांगितलं जातं, उतारानंतर रेस दिली की धूर वगैरे. ते मुख्यतः पेट्रोल इंजिनाचं आहे. तिथे थ्रॉटल बंद झाल्यावर मोठी ओढ तयार होते आणि व्हॉल्व्हच्या गाइडमधून ऑइल खेचलं जातं. जुन्या डिझेलला तसा थ्रॉटल नसतो. माळशेज उतरल्यावर डिझेल गाडीने निळा भपका सोडला तर मी आधी टर्बोकडे बघेन. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी पहिल्या सेल्फला एक भपका देऊन गप्प बसणं, हे मात्र व्हॉल्व्ह सीलचं लक्षण डिझेलमध्येही मानतो.

उघडायची वेळ आलीच तर हेड काढल्यावर तिथेच "सगळं बदला" ऐकू नका. लायनरच्या वरच्या काठाला नखाला धार लागते का, आणि भिंतीवर होनिंगच्या तिरप्या रेघा शिल्लक आहेत का बघा. रेघा दिसत असतील आणि बोअर गेजने गोलाई बरोबर आली तर लायनर-पिस्टन ठेवून फक्त रिंगांवर काम भागतं. जुनी रिंग लायनरमध्ये घालून फट फीलर गेजने मोजायला सांगा. या मापाच्या इंजिनात नव्या रिंगची फट साधारण ०.३ ते ०.५ मिलिमीटर असते. ती मिलिमीटरच्या पुढे गेली असेल तर वाद संपला.

दरम्यान ऑइलचं. १५डब्ल्यू-४०, डिझेलच्या सीआय-४ प्लस किंवा त्यावरच्या दर्जाचं, सीलबंद डब्यातलं, आणि पुढचे दोन-तीन बदल नेहमीच्या निम्म्या अंतरावर. अडकलेली ऑइल रिंग यात थोडी सुटते. पूर्ण सुटेल अशी हमी कोणी देत असेल तर तो काहीतरी विकतोय. फ्लशिंगची बाटली एवढ्या चाललेल्या इंजिनात मी घालत नाही, सुटलेला गाळ ऑइलच्या जाळीत बसतो. २०डब्ल्यू-५० टाकून घट एकदम कमी झाली तर ऑइल फटींमधून जातंय एवढं कळतं, पण तो कायमचा इलाज करू नका.

तुमच्या गाडीला क्रम असा लावा: काठी आणि माप, एअर फिल्टर, ब्रीदरची सफाई, अल्टरनेटर आणि बूस्टरचा होज, धुऊन पावडर, मग डब्याची फेरी. हे होईपर्यंत टर्बो आणि हाफ इंजिन दोघांनाही थांबवा. गाडी चालवायला हरकत नाही; दीड हजाराला लिटर ही घट शोधण्यासारखी आहे, घाबरण्यासारखी नाही. फक्त सीटमागे त्याच ग्रेडचा एक डबा ठेवा आणि डिझेल भरताना प्रत्येक वेळी काठी बघा. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर विसंबू नका: तो ऑइलची लेव्हल दाखवत नाही, प्रेशर दाखवतो, आणि तो लागेपर्यंत पंप हवा ओढायला लागलेला असतो. लागला तर घाटात असाल तिथेच कडेला घ्या आणि इंजिन बंद करा, पुढच्या वळणापर्यंतसुद्धा नाही.